एका वेळी एकानेच बोलायचं

सहलीला निघायच्या आठवडाभर आधी घरात मतदान झालं आणि तीन विरुद्ध तीन असा निकाल लागला. तेव्हाच माईंनी ओळखलं, की यंदाची सहल सुखासुखी पार पडायची नाही.

मतदान कशावर, तर सहलीत एकमेकांशी बोलायचं कशावरून. मोबाइलवरून की वॉकीटॉकीवरून. दुसऱ्या कुठल्या घरात असा प्रश्न पडला असता तर लोक हसले असते. पण या घरात गेल्या वर्षीची जखम अजून ओली होती. चार दरवाजांच्या त्या भल्यामोठ्या बागेत आप्पा भलत्याच दरवाजाशी जाऊन बाकावर बसले होते आणि बाकीचे पाच जण त्यांना तीन तास हुडकत होते. थोरल्या मुलानं भोंग्यावरून दोनदा पुकारा करवला. शेवटी सापडले तेव्हा आप्पा निवांत शेंगदाणे खात होते आणि त्यांच्या खिशातल्या फोनवर एकतीस कॉल येऊन गेलेले होते.

"वाजलाच नाही," आप्पा म्हणाले होते. एवढंच.

त्यावर सूनबाई म्हणाली होती, "पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षीपासून ज्यानं त्यानं आपापलं जावं." सूनबाई दातांची डॉक्टर. काढते म्हणाली की काढतेच. त्यामुळे यंदाची सहल धड झाली नाही तर ती शेवटची, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

तर आप्पांनी त्यावर तोड काढली होती. जेवणाच्या टेबलावर त्यांनी खोकं उघडलं आणि सहा काळे वॉकीटॉकी ओळीनं उभे केले. चौतीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेला माणूस. चाळीस मीटर उंचीवरच्या काचेच्या खोलीत बसायचं, कानाशी असला डबा धरायचा आणि खालून कुणी सांगेल तसा जहाजातून माल उचलायचा. "चौतीस वर्षांत एक पेटी पडली नाही माझ्या हातून," ते म्हणाले. "का? कारण यावर एका वेळी एकानेच बोलायचं असतं."

"आप्पा, हे संग्रहालयात ठेवतात आता," जावईबापू म्हणाले. त्यांचं मोबाइलचं दुकान होतं आणि सहा काळे डबे बघून त्यांच्या चेहऱ्यावर हलवायाला कुणी घरी केलेला लाडू दाखवावा तसे भाव आले होते. "मी सगळ्यांचा एक ग्रुप करतो. कोण कुठे आहे ते नकाशावर ठिपक्यानं दिसेल. हरवायचा प्रश्नच नाही."

"मी फोनवाली," बेबी लगेच म्हणाली. बेबी म्हणजे माईंची धाकटी लेक आणि जावईबापूंची बायको, वय वर्षं छत्तीस. पोहायला शिकवायची.

बेबी फोनच्या बाजूला गेली म्हटल्यावर सूनबाईनं डोळ्याची पापणी न हलवता सांगितलं, "मी आप्पांच्या बाजूनं."

सूनबाईला वॉकीटॉकीचं प्रेम होतं अशातला भाग नाही. सोफ्याचं प्रकरण झाल्यापासून सहा महिने नणंद-भावजयीत अबोला होता. माईंचा जुना सोफा सूनबाईनं कुणाला न विचारता आपल्या दवाखान्यात नेऊन ठेवला आणि बेबी एक दिवस दाढ दाखवायला गेली, तर ज्या सोफ्यावर ती लहानपणी उड्या मारायची त्यावर गाल सुजलेले तीन पेशंट बसलेले. तेव्हापासून एक पूर्व म्हणाली की दुसरी पश्चिम.

थोरला विमा कंपनीत होता. धोका कुठे जास्त ते त्याला पटकन कळायचं. त्यानं आधी वडिलांकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "वॉकीटॉकी."

राहिल्या माई. त्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. अख्ख्या गावाचे कान त्यांनी जोडून दिले होते आणि कुणाचं काय ऐकलं ते आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. या घरात गाण्याची नसली तरी दोन घराणी होतीच, एक तारेचं आणि एक बिनतारेचं.

"मी फोन," माई म्हणाल्या.

खरं तर त्यांना फोनचंही काही नव्हतं. पण गेली दोन वर्षं आप्पा त्यांच्या कुठल्याच बोलण्याला धड उत्तर देत नव्हते. काही विचारावं तर मान हलवायची, नाहीतर दुसरंच काहीतरी बोलायचं. रुसायला काही कारण घडलं असतं तर एक वेळ समजलं असतं. माईंनी पुष्कळ आठवून पाहिलं, कारण सापडेना. मग त्यांनीही बोलणं कमी केलं. एवढा हट्ट करून डबे आणलेत, तर मिळू दे विरोध एकदा, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मत दिलं.

तीन विरुद्ध तीन. शेवटी ठरलं ते असं, की शनिवारी वॉकीटॉकी, रविवारी फोन. रविवारी संध्याकाळी कायमचा निकाल.

*

शनिवारी सकाळी दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत जावईबापू आणि बेबी. मागच्या गाडीत थोरला, सूनबाई, आप्पा आणि माई. आप्पांनी निघतानाच सगळ्यांना नावं वाटून दिली होती, कारण या यंत्रावर घरगुती नावं चालत नाहीत असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः क्रेन. माई एक्स्चेंज. जावईबापू दुकान, थोरला विमा, सूनबाई दाढ.

"आणि मी बेडूक?" बेबीचा आवाज डब्यातून आला. "वहिनी दाढ आणि मी बेडूक?"

"ओव्हर म्हण," आप्पा म्हणाले. "वाक्य संपलं की ओव्हर म्हणायचं. नाहीतर समोरच्याला कळणार कसं? ओव्हर."

"मी बेडूक नाही! ओव्हर!"

"पोहणारीला बेडूक नाही म्हणायचं तर काय म्हैस म्हणायचं? ओव्हर."

थोरल्याची गाडी हसण्यानं जरा डगमगली. माईंनी तिरक्या नजरेनं आप्पांकडे पाहिलं. दोन वर्षांत हा माणूस इतका चटपटीत बोलला नव्हता.

डोंगर सुरू झाले, वळणं वाढली, झाडी दाट झाली आणि जिथे मुक्काम करायचा होता ते तळं दहा-बारा मिनिटांवर आलं, तेव्हा सोफा निघाला. कसा निघाला ते कुणालाच सांगता आलं नसतं. बेबी म्हणाली की भाड्याच्या घरात बसायला निदान धड सोफा असला म्हणजे मिळवली, ओव्हर. सूनबाईनं आप्पांच्या हातातला डबा काढून घेतला.

"दाढ बोलतेय. टोमणे मारायचे असतील तर सरळ मार. ओव्हर."

"सरळच मारते. तो सोफा माझ्या आईचा होता. विचारायचं तरी होतं. ओव्हर."

"तुझ्या आईनंच तो अडगळीत काढला होता. दोन वेळा तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मेसेज टाकला, त्यावर तू अंगठा टाकलास. अंगठा म्हणजे हो, असं मी समजले. ओव्हर."

एरवी या दोघी समोरासमोर भांडायच्या तेव्हा दोघींचं एकदमच सुरू व्हायचं आणि कुणी काय म्हटलं ते दोघींनाही कळायचं नाही. आता बटण दाबून धरल्याशिवाय बोलता येईना आणि दुसरीचं संपल्याशिवाय बटण दाबता येईना. मुकाट्यानं ऐकून घ्यावं लागत होतं.

"मी पोहायला शिकवत होते तेव्हा," बेबी जरा खालच्या आवाजात म्हणाली. "ओल्या हातानं अंगठा पडला असेल. मी वाचलंच नाही ते. ओव्हर."

आणि तेवढ्यात डब्यातून एक अनोळखी, भरड, बाईमाणसाचा आवाज आला.

"मधे बोलते, माफ करा. सोफा तीन माणसांचा आहे का दोन माणसांचा? ओव्हर."

गाडीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कोण बोलतंय? ओव्हर," आप्पांनी डबा परत घेऊन विचारलं.

"तळ्यावरची नाववाली. नावा भाड्यानं देते. चार नंबरचं चॅनल बारा वर्षं माझं आहे. लोकांच्या नावा माघारी बोलावते यावरून. मगाचपासून ऐकतेय. सोफा तीन माणसांचा असला तर अर्धा अर्धा नाही करता येणार, म्हणून विचारलं. ओव्हर."

"तीन माणसांचा," सूनबाई आणि बेबी एकदमच बोलल्या आणि डब्यातून नुसती शिट्टी ऐकू आली.

"बघा," आप्पा म्हणाले. "एका वेळी एक!"

जावईबापूंनी पुढच्या गाडीतून खासगीपणाचा मुद्दा काढला. फोनवर असलं परकं माणूस मधे टपकत नाही, हा हल्ला आहे, आपण चॅनल बदलू, वगैरे. पण नाववालीनं त्यांना पुढचा डावा फाटा चुकवू नका असं सांगितलं आणि त्यांच्या फोनवरचा नकाशा उजवीकडे जा म्हणत होता. उजवीकडचा रस्ता शंभर पावलांवर एका गोठ्यात संपला. म्हशींच्या मधून गाडी मागे घेता घेता जावईबापूंनी नकाशा बंद केला.

*

घर लाकडी होतं. पुढे तळ्याच्या बाजूला ओसरी, मागे स्वयंपाकघर. जेवायला बसल्यावर नेहमीसारखा गलका सुरू झाला. थोरला रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता, जावईबापू म्हशींबद्दल, बेबी पाणी किती थंड असेल त्याबद्दल, आणि सूनबाई ब्रेड संपल्याबद्दल. सगळे एकदम.

माई आप्पांकडे बघत होत्या. गाडीतला तो चटपटीत माणूस कुठेतरी नाहीसा झाला होता. आप्पा ताटात बघून जेवत होते. मधूनच कुणी त्यांच्याकडे पाहिलं की हसून "हो, हो" म्हणत होते.

"आप्पा, तुम्हाला मासे पकडायला यायचंय का?" जावईबापूंनी विचारलं.

"हो, हो. चांगलं झालंय," आप्पा म्हणाले आणि सूपची वाटी पुढे केली.

माईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. एकतीस वर्षं त्यांनी हेडफोन लावून काम केलेलं. कुठली तार तुटलीये, कुठे आवाज पोचत नाहीये, हे त्यांना अलीकडून बोलणाऱ्याच्या 'हॅलो'वरून कळायचं. ज्याला ऐकू येत नसतं तो माणूस 'हो' जरा लवकर म्हणतो.

जेवणं झाली. थोरला आणि सूनबाई ब्रेड आणायला खालच्या बाजारात गेले. बेबी आणि जावईबापू नाव घेऊन तळ्यात गेले. जाताना प्रत्येकाच्या कमरेला डबा होता. आप्पांनी बजावलंच होतं तसं. आप्पा ओसरीवर खुर्ची टाकून तळ्याकडे बघत बसले.

माई त्यांच्या मागे दोन पावलांवर उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "मी घर सोडून चालले."

आप्पा हलले नाहीत.

"एका सर्कसवाल्याबरोबर चाललेय. हत्तीवर बसून."

आप्पांना काहीतरी कुणकुण लागली असावी. मान न वळवता म्हणाले, "साखर कमी टाक."

माईंना हसू फुटलं आणि लगेच विरलं. त्या आत स्वयंपाकघरात आल्या. दार लोटलं. ओट्यावर त्यांचा डबा पडला होता. तो त्यांनी उचलला, बटण दाबलं आणि पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "एक्स्चेंज बोलतेय. चहा हवा का? ओव्हर."

"हवा की," डब्यातून लगेच उत्तर आलं. "आणि साखर कमी, मगाशी सांगितलंय. ओव्हर."

डब्याचा मोठा, भरड, सरळ कानात घुसणारा आवाज, आजूबाजूला दुसरं कुणी नाही. हे आप्पांना ऐकू येत होतं. माई ओट्याला टेकल्या. भलत्या दरवाजाशी बसलेला माणूस, दोनदा झालेला पुकारा, 'वाजलाच नाही', आणि हे सहा डबे. सगळ्या तारा एकदम जोडल्या गेल्या.

पुढे माईंनी जे केलं त्याची त्यांना जन्मभर लाज वाटली आणि गंमतही वाटली. एकतीस वर्षं एकाचं बोलणं एकाच्याच कानात पोचवणारी ती बाई हे विसरली, की हातातला डबा म्हणजे तार नव्हे. त्यांनी बटण दाबलं.

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही. हो ना? ओव्हर."

खरखर झाली. ओसरीवर खुर्ची करकरली. मग आप्पांचा आवाज आला, एकदम बारीक होऊन.

"दोन वर्षं झाली. डावा कान तर गेलाच. उजवा थोडा आहे. मुलांना सांगू नकोस. ओव्हर."

माईंनी दुसऱ्या हातानं तोंड दाबून धरलं. त्यांना आत्ता, या क्षणी आठवलं. बेबी नावेत होती, थोरला बाजारात होता आणि चौघांच्याही कमरेला डबा होता.

डबा मुका झाला होता. मग तो भरड आवाज आला.

"नाववाली बोलतेय. कुणीही काहीही ऐकलेलं नाही. ओव्हर."

"दुकान बोलतोय," जावईबापू घाईघाईनं म्हणाले. "आमचा तर डबाच बंद आहे. ओव्हर."

"विमा. आम्हीसुद्धा काही ऐकलं नाही. ओव्हर."

"दाढ. ब्रेड मिळाला. ओव्हर."

आणि मग बेबी. तिला शेवटपर्यंत बोलताच आलं नाही, नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला आणि हुंदक्यातच एक "ओव्हर".

माई धावत ओसरीवर आल्या. खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर आप्पांचा डबा होता, बंद केलेला. त्याच्याशेजारी त्यांचा फोन. आप्पा दोन्ही ठेवून निघून गेले होते.

*

पुढच्या तासाभरात सगळे घरी जमले आणि भांडायला कुणाचीच हिंमत होईना. जावईबापूंच्या नकाशावर आप्पांचा ठिपका ओसरीवर होता, कारण फोन ओसरीवर होता. वॉकीटॉकीचंही तेच. ज्याला बोलायचंच नाही त्याच्यापुढे कुठलंही यंत्र काय कामाचं, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

"मी मागच्या वर्षी त्यांच्यावर ओरडले," सूनबाई म्हणाली. "आपापलं जाऊ म्हणाले."

"तू एकटीच नव्हतीस ओरडायला," बेबी म्हणाली. "मी म्हटलं होतं, की आप्पा मुद्दाम करतात." सहा महिन्यांत ती पहिल्यांदाच वहिनीच्या डोळ्यांत बघून बोलत होती.

"मी दुकानात रोज दहा म्हाताऱ्या माणसांना फोनचा आवाज वाढवून देतो," जावईबापू म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला होता आणि आता हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. "सासऱ्यांना कधी विचारलं नाही."

थोरला मागच्या जंगलात जाऊन हाका मारून आला. मग स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाला, "हाका कशाला मारतोय मी?"

तेवढ्यात ओट्यावरचा डबा खरखरला.

"नाववाली बोलतेय. तुमचा क्रेनवाला माझ्या धक्क्यावर आहे. नावा वर ओढायचा माझा रहाट अडला होता, तो उघडून बसलाय. तीनदा म्हटलं राहू दे, पण त्याला काही ऐकू येत नाही. म्हणजे, मला तसं काही माहीत नाही. ओव्हर."

पाचही जण दाराकडे निघाले. माईंनी हात आडवा केला.

"तुम्ही थांबा. मी एकटी जाते."

धक्क्यावर आप्पा उकिडवे बसले होते. कोपरापर्यंत ग्रीस. समोर दातेरी चाकं ओळीनं मांडून ठेवलेली. नाववाली, साठीची एक धिप्पाड बाई, माईंना बघून एक शब्द न बोलता उठली आणि उगाचच टोकाला जाऊन कोरड्या नावेतलं पाणी उपसू लागली.

माई आप्पांच्या पुढ्यात जाऊन बसल्या. तोंडासमोर तोंड येईल अशा.

"राग आलाय?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"ओरडू नकोस. असं समोर बसलीस की कळतं," आप्पा म्हणाले. एक चाक पुसत राहिले. "सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकलं. माझी चूक. एकतीस वर्षांत पहिली."

आप्पांच्या ओठाचा कोपरा जरा हलला. मग परत खाली गेला. "बंदरात एक नियम होता. कानाची तपासणी व्हायची दर वर्षी. नापास झाला, की त्याच दिवशी माणसाला क्रेनवरून खाली उतरवायचे. पुन्हा वर पाठवायचे नाहीत. शिडीपाशी उभा राहून वर बघत बसलेले पाहिलेत मी लोक. मला वाटलं, पोरांना कळलं की तेच. आप्पा, रस्ता ओलांडू नका. आप्पा, एकटे जाऊ नका. आप्पा, तुम्ही बसा."

"आणि मला? मला का नाही सांगितलं?"

आप्पा पुन्हा चाक पुसू लागले.

"दोन वर्षं," माई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "दोन वर्षं मला वाटतंय, की तुम्ही माझ्यावर रुसलाय. काय चुकलं ते शोधून शोधून डोकं फुटायची पाळी आली माझी. एकदा वाटलं, चौदा वर्षांपूर्वी तुमची छत्री बसमध्ये विसरले त्याचा राग असेल."

आप्पांनी चाक खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तूच माझ्याशी बोलायचं सोडलंस."

टोकाला नाववालीनं नसलेलं पाणी जोरजोरात उपसायला सुरुवात केली.

माईंचा आवाज मुळातच मऊ. एक्स्चेंजमध्ये त्याचं कौतुक व्हायचं, लोणी लावल्यासारखा आवाज म्हणायचे. तो लोण्यासारखा आवाज दोन वर्षं आप्पांच्या कानाशी येऊन विरघळून जात होता आणि हा माणूस घरात आपल्याशी कुणी बोलत नाही असं समजून एकटाच बसला होता. माईंनी पदरानं त्यांच्या गालावरचं ग्रीस पुसायचा प्रयत्न केला, तर ते आणखीनच पसरलं.

"छत्री तू विसरली होतीस?" आप्पांनी विचारलं. "मी वॉचमनला बोललो होतो त्यावरून."

*

संध्याकाळी रहाट जोडून आप्पा घरी आले तेव्हा आधीच परतलेल्या माईंसह पाचही जण टेबलाभोवती शहाण्या मुलांसारखे बसले होते. कुणीही कुणाच्या मधे बोलत नव्हतं, कारण कुणीच बोलत नव्हतं. शेवटी आप्पाच वैतागले.

"कुणी मेलंय का?"

मग सूनबाई उठली. ती डॉक्टर होती आणि दुखऱ्या जागी हात घालायची तिला सवय होती. आप्पांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसली आणि सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाली, "आप्पा, सोमवारी कान तपासायला जायचंय. मी येते बरोबर. तपासून झालं की तुम्ही एकटे घरी या. रस्ता ओलांडून."

आप्पांनी माईंकडे पाहिलं. माई छताकडे बघत होत्या.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मी काहीच ऐकलेलं नाही," सूनबाई म्हणाली.

जावईबापू पुढे सरकले. कानात घालायचं यंत्र मिळतं, ते सरळ फोनला जोडता येतं, मग फोनवरचं बोलणं थेट कानात, असं त्यांनी समजावलं. समजावताना ते आप्पांच्या तोंडासमोर इतके वाकले, की आप्पांना त्यांच्या दाढीतले पांढरे केस मोजता आले असते.

"म्हणजे शेवटी फोनच जिंकला," आप्पा म्हणाले.

"अजून मतदान व्हायचंय," थोरला म्हणाला.

"मी वॉकीटॉकी," बेबी एकदम म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती वहिनीकडे बघत होती. "फोनवर मी भांडते. यावर मला ऐकून घ्यावं लागतं."

"मग मी फोन," सूनबाई म्हणाली, "कारण तुझा अंगठा खरा की खोटा ते मी आता प्रत्येक वेळी फोन करून विचारणार आहे. आणि सोफा पुढच्या आठवड्यात घेऊन जा. पेशंट तसेही त्यावर झोपतात."

पुन्हा तीन विरुद्ध तीन. जावईबापूंनी हात जोडले. आप्पा मात्र खदखदून हसले आणि ते हसू नेमकं योग्य जागी आलं होतं, हे माईंच्या कानांनी टिपलं.

*

रविवार ठरल्याप्रमाणे फोनचा दिवस होता. पण सकाळी माई आप्पांना घेऊन तळ्यावर गेल्या आणि धक्क्यावर त्यांनी फोनही ठेवला आणि डबाही ठेवला. नाववालीनं एक लहान नाव सोडून दिली. "अर्ध्या तासाची वेळ," ती बोटांनी दाखवून म्हणाली. रहाट दुरुस्त झाल्यामुळे ती खुशीत होती.

नावेचं एक बरं असतं. वल्हवणारा आणि बसणारा समोरासमोर येतात, दुसरीकडे बघायची सोयच नसते. आप्पा किनाऱ्याकडे तोंड करून वल्ही मारत होते आणि माई त्यांच्यासमोर बसून बोलत होत्या. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. दोन वर्षांचं साचलेलं होतं. शेजारणीनं घर बदललं ते. थोरल्याला बढती मिळाली नाही ते, आणि ते त्यानं माईंशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मधे एकदा माईंच्या छातीत दुखलं होतं आणि तो नुसता गॅस निघाला होता. आप्पा त्यांच्या ओठांकडे बघत ऐकत होते. मधूनच वल्हं थांबवून "काय? पुन्हा सांग," म्हणत होते. आणि माई पुन्हा सांगत होत्या.

अर्धा तास कधी उलटला ते कळलं नाही. माईंच्या पाठीमागे, लांब किनाऱ्यावरून, काहीतरी ऐकू यायला लागलं. भोंगा असावा. मग थोरल्याचा आवाज. मग बेबीचा.

"अहो," माई म्हणाल्या, "हाका मारताहेत का आपल्याला?"

आप्पांनी माईंच्या खांद्यावरून किनाऱ्याकडे पाहिलं. धक्क्यावर नाववाली लाल फडकं हलवत होती. तिच्याशेजारी जावईबापू दोन्ही हात वर करून उड्या मारत होते. सूनबाई आणि बेबी एकमेकींना धरून काठावर उभ्या होत्या.

"मला कुठं काय ऐकू येतंय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी आणखी जोरात वल्हं मारलं.